शेवटचा फर्मा

अशी कल्पना कर, बाळा, की तुझ्या हातात एक पुस्तक आहे. जुनं, जड, कापडी पाठीचं. वाचता वाचता तू शेवटच्या पानावर आली आहेस. शेवटचं वाक्य पानाच्या अगदी तळाशी संपतं, त्याच्या टोकाला पूर्णविराम आहे, आणि पान उलटलंस तर पुढे एक जाड, पिवळट, कोरा कागद आणि मग पुठ्ठा. आता सांग, तू काय समजशील? संपलं, असंच ना? पुस्तक उलटं धरून, आणखी काही सांडतंय का म्हणून तू झटकून पाहणार नाहीस. कोणीच पाहत नाही. विनतानंही पाहिलं नव्हतं, आणि तिनं तर उभा जन्म मुलांना वाचायला शिकवण्यात घालवला होता. पूर्णविराम आला की थांबायचं, श्वास घ्यायचा, हे तिनं किती मुलांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. त्या पूर्णविरामापाशी ती स्वतः थांबली ती थांबलीच. आणि त्या दिवशी दुपारी, जबलपूरच्या विजय नगरमधल्या भाच्याच्या घरात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तो हिरवा-काळा चष्मा लावून ती खुर्चीत बसली असताना, भाच्याची अकरा वर्षांची मुलगी चिन्मयी म्हणाली, "विनूआजी, ह्यात पुढे पण आहे."

एवढंच झालं. घरात दुसरं काही घडलं नाही. भाचा शैलेंद्र फॅक्टरीत ड्यूटीवर होता, त्याची बायको अवंतिका बँकेत गेली होती. जाताना तिनं नेहमीसारखं दारातूनच सांगितलं होतं, "आत्या, ड्रॉप विसरू नका. वाकायचं नाही, भाजी निवडायची नाही, वाचायचं तर बिलकुलच नाही. चलो, मी निघते. चिनू, आजीकडे लक्ष दे, मोबाईलकडे नाही." चिन्मयीला परीक्षेआधीची सुट्टी होती. माघ संपत आला होता. ओट्यावर ऊन होतं, पण ते विनताला नुसतं गरम वाटत होतं, दिसत नव्हतं. चष्म्यातून सगळं शेवाळलेल्या टाक्यातल्या पाण्यासारखं दिसायचं. या वयात माणसाला थकवा कशाचा येतो हेही नीट सांगता येत नाही. काम केल्याचा नाही, कारण काम कोणी करू देत नाही. बसल्याचाच येतो. विनताला वाटायचं, आपण एखाद्या बाकासारख्या झालो आहोत. बाकाला काय कष्ट असतात? पण इतकी वर्षं इतकी जणं बसून गेली की तोही मधोमध झिजतोच.

पुस्तक आणलं होतं श्रीरंगनं. गावातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचं काम तो पाहायचा, म्हणजे आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं ते पाहायचा. फोनवर म्हणाला होता, "ताई, दोन कपाटं खाली करून राहिलो. रद्दीत द्यायला हात होत नाही. तुम्हाला काय हवं ते सांगा, मी आणून टाकतो." विनतानं एकच नाव सांगितलं, 'दोन खणांचं घर'. श्रीरंग हसला. "एवढंच? अन् तेही हेच? तुम्ही तर यावर व्याख्यान दिलं होतं ना बाप्पा, बाबा सांगायचे आमचे." मग तो पुस्तक आणि चार संत्री ठेवून गेला. पुस्तक आलं आणि नेमका डोळा मिटला. म्हणून तिनं चिन्मयीला हाताशी धरलं. सगळं नको, शेवटचं प्रकरण तेवढं वाच म्हणाली. पोरीला मराठी कळायचं सगळं, बोलायची अर्धं, वाचायची पाव. पण विनताच्या हाताखालची होती, तेव्हा नियम तिला पाठ होते. वाचायचं ते मोठ्यानं, खोलीत एकटं असलं तरी मोठ्यानं, कारण डोळा फसवतो, कान फसवत नाही. शब्द अडला तर अंदाजानं ठोकून द्यायचा नाही, त्याच्यावरून उडी मारायची नाही. अडलेल्या शब्दाखाली बोट ठेवायचं, पुस्तकावर दोनदा टकटक करायचं, आणि थांबायचं. शब्द आपोआप येतो. म्हणजे आजी सांगते.

सकाळी ती एका शब्दावर अडली होती. "सगुणानं कोपऱ्यातली व... वळ... वळक..." टकटक. "वळकटी," विनता म्हणाली. तिला ते पान न पाहताही दिसत होतं. "ते क्या होता है?" मग विनतानं तिला सांगितलं, आपली चटई घे, तिच्यावर पांघरूण घाल, आत उशी, एक जोडी कपडे, फणी, आणि आता गुंडाळ घट्ट. चिन्मयीनं गुंडाळलं, शाळेच्या पट्ट्यानं बांधलं आणि खांद्यावर घेऊन सगळ्या घरात फिरून आली. "अच्छा, स्लीपिंग बॅग!" "तशीच, पण हिच्यात माणूस जात नाही. माणसाचं सामान जातं." मग तिनं ती गुंडाळी ओट्यावरच्या पायरीला टेकवून ठेवली आणि पुढं वाचू लागली. मध्येच थांबून, मान वर न करता, तिनं विचारलं, "विनूआजी, ह्या दोघी गर्लफ्रेंड आहेत ना? सगुणा अन् इंदू?"

विनतानं चहाचा कप खाली ठेवला. हा एक प्रश्न टाळायला तिनं जन्मभर काय काय केलं होतं, आणि पोरगी तो विचारून संत्र्याची फोड तोंडात टाकत होती. "हो," विनता म्हणाली, "तसंच म्हण." "मग सरळ सांगत काहून नाहीत?" "तेव्हा सांगत नव्हते." "बोअरिंग," चिन्मयी म्हणाली आणि वाचू लागली. खरंच, त्या कादंबरीत त्या गोष्टीला कुठंच नाव दिलेलं नव्हतं. एका लहान गावात एक मास्तरीण आणि एक नर्स दोन खणांच्या घरात राहतात, एकीचे हात खडूनं खरखरीत होतात आणि दुसरीचे डेटॉलनं, रात्री त्या एकमेकींच्या हातांना खोबरेल चोळतात. एवढंच लिहिलेलं. पण ज्याला कळायचं त्याला ते खोबरेल पानाच्या बाहेर येऊन लागायचं. विनताला लागलं होतं. त्याआधी तिला वाटायचं, आपल्यात काहीतरी आहे ज्याला जगात दुसरा नमुनाच नाही. पुस्तक वाचून तिला पहिल्यांदा वाटलं की कुठंतरी एक माणूस कागद-दौत घेऊन बसलं होतं आणि त्याला हे माहीत होतं. ते लिहिणारं माणूस बाई होतं की पुरुष, हेही नावावरून नीट कळत नव्हतं. तिनं कधी शोधलं नाही. आपल्याला ओळखणाऱ्याचा पत्ता माणूस शोधत नाही, घाबरतो.

हे पुस्तक तिनं एकटीनं वाचलं नव्हतं. हेमलताबरोबर वाचलं होतं. हेमलता इटारसीची, रेल्वेतल्या कुटुंबातली. घरी मराठी, शाळा हिंदी. विनताच्याच शाळेत लागली आणि छावणीकडच्या सदरमध्ये एका ख्रिस्ती बाईंच्या घरात मागची खोली घेऊन राहिली. मराठी वाचायचं तर तिला घाम फुटायचा. "विनू, तुझी ही भाषा बोलायला आईसारखी अन् वाचायला सावत्र सासूसारखी," म्हणायची. म्हणून रविवारी दुपारी दोघी त्या मागच्या खोलीत बसायच्या, एक प्रकरण विनता वाचायची, एक हेमलता. आणि शब्द अडला की हेमलता बोलायची नाही. शब्दाखाली बोट ठेवून पुस्तकावर दोनदा टकटक करायची आणि मान तिरकी करून थांबायची. विनता शब्द सांगायला मुद्दाम उशीर करायची, कारण त्या थांबण्यात हेमलताचा चेहरा फार जवळ असायचा आणि त्याला काही कारण द्यावं लागत नव्हतं. तो टकटकाट पुढं विनतानं आपल्या वर्गात नेला. आज जबलपुरात पन्नाशीची माणसं असतील, दुकानदार, डॉक्टर, फॅक्टरीतले फोरमन, ती लहानपणी एका बाईच्या सवयीनं टकटक करत वाचायला शिकली. त्यांना ते ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही.

त्या काळात दोघींनी आणखी काय काय गोळा केलं होतं. सदरच्याच एका थेटरात एक हिंदी सिनेमा लागला होता, दोन मैत्रिणींचा. जाहिरातीत एक नट मधोमध उभा होता, पण सिनेमाभर त्याला काही काम नव्हतं. खरी गोष्ट त्या दोघींची. शेवटच्या रिळात त्यातली एक खोकत खोकत मरते आणि दुसरी त्या नटाबरोबर देवळाच्या पायऱ्या चढते. मागच्या रांगेतले जवान शिट्ट्या वाजवत होते. हेमलता रडत होती आणि विनतानं शालीखाली तिचा हात धरला होता. शेवटची पाटी येऊन दिवे लागले तरी सोडला नव्हता, अन् मग सोडला. बाहेर खव्याची जिलबी खाताना हेमलता म्हणाली, "प्रत्येक वेळी एकीला काहून मारतात गं?" विनता म्हणाली, "दोघी जगल्या तर पुढं काय दाखवायचं ते त्यांना ठाऊक नसेल." आणि एक गाणं होतं, रेडिओवर नागपूर केंद्रावर कधीतरी लागायचं. त्यात एक बाई दुसरीला विचारते, तुझ्या विहिरीचं पाणी माझ्या घागरीत आल्यावर इतकं गोड का लागतं. लोकांना ते पाणी भरण्याचं गाणं वाटायचं. मंडळाच्या हळदीकुंकवाला हेमलतानं ते सगळ्यांदेखत विनताकडे पाहून म्हटलं, आणि बायका म्हणाल्या, "कित्ती गोड गळा, आता हिचं लग्न जमवा बाई कोणी तरी." विनताला ते गाणं पुढं कधी पूर्ण आठवलं नाही. भांडी विसळताना अर्धी ओळ यायची आणि नळाच्या आवाजात जायची. हल्ली अवंतिकेच्या टीव्हीवर एक मालिका लागायची. तिच्यात दोन मुली एकत्र राहतात, भांडतात, भाजी आणतात, घरभाड्यावरून रुसतात, आणि कोणी मरत नाही. अवंतिका सहज म्हणाली होती, "चांगली आहे ना आत्या?" विनता "हो, चांगली आहे" म्हणाली आणि उठून आत मेथी निवडायला गेली. मेथी आधीच निवडलेली होती. तिनं ती पुन्हा निवडली.

"विनूआजी, ऐकून राहिल्या ना? पुढे आहे म्हणते मी."

कादंबरीचं शेवटचं पान असं होतं. सगुणाची बदली होते. इंदू तिला स्टेशनवर पोचवायला जाते. दोघी काही बोलत नाहीत. 'गाडी वळणावर गेली. खिडकीला टेकवलेली वळकटी तेवढी काही वेळ दिसत राहिली, आणि मग तीही दिसेना.' संपलं. त्या रविवारी हे वाक्य हेमलतानं वाचलं होतं आणि पान उलटून, कोरा कागद पाहून ती चिडलीच होती. "हे काय? चहा पिता पिता कप ओढून घेतल्यासारखं! पुढं काय?" आणि विनता हसली होती. आता, या खुर्चीत, ते हसू तिला तोंडात कडवट लागलं. ती म्हणाली होती, "अगं, याला नवं लेखन म्हणतात. सगळं सांगून टाकत नाहीत. मोकळा शेवट असतो." "मोकळा कुठं, तुटका आहे." "तुला वाचायची सवय नाही म्हणून." मग पुढच्या हिवाळ्यात मंडळाच्या व्याख्यानमालेत विनतानं त्याच शेवटावर बोलायचं ठरवलं. दिसेनाशा होणाऱ्या वळकटीतलं मौन, असं काहीतरी ती म्हणाली. लेखकाची धिटाई, म्हणाली. पुढं एक शब्दही न लिहिण्याचा संयम. अध्यक्षस्थानी मंडळाचे ज्येष्ठ विष्णुपंत होते, त्यांनी "वाहवा" म्हटलं आणि शालीच्या टोकानं डोळे टिपले. टाळ्या झाल्या. त्या सगळ्या सभेला, पंतांसकट, कोणाला सुचलं नाही की पुस्तकाची पानं मोजावीत. शिकलेली माणसं. न कळणाऱ्या गोष्टीत ती चूक शोधत नाहीत, अर्थ शोधतात.

"दुसरं पुस्तक असेल ते," विनता म्हणाली.

"नाही ना. सेम नाव आहे. ह्या पुस्तकात अक्षरं चिकटलेली आहेत, म्हणून मी फोनवर शोधलं मोठं करून वाचायला. कोणीतरी सगळं स्कॅन करून टाकलंय. हे बघा, पान दोनशे आठ, 'तीही दिसेना.' सेम टू सेम. अन् मग दोनशे नऊ. मग बहुत सारे आहेत."

विनतानं हात पुढं केला. चिन्मयीला वाटलं, फोन हवा आहे. "पुस्तक दे." तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, शेवटचं पान धरलं आणि बोट पाठीच्या आतल्या घळीत घातलं. पुस्तक फर्म्यांचं बनतं, बाळा. सोळा सोळा पानांची घडी, तिला फर्मा म्हणतात, आणि एकेक फर्मा दोऱ्यानं पुढच्याला शिवतात. विनताच्या बोटाला दोरा लागला. दोरा पुढं गेला होता. शेवटच्या फर्म्याच्या पलीकडे, कशालाच न शिवलेला, नुसता एक वेढा मारून, खळीत चिकटून बसला होता. इतकी वर्षं.

मंडळाची पद्धत अशी होती की नवं पुस्तक आलं की आधी बाइंडिंगला जायचं, मग वाचकाला मिळायचं. घराघरातून पुस्तकं फिरायची, पोरं चित्रं फाडायची, वरणाचे डाग पडायचे, म्हणून मूळ गुळगुळीत कव्हर काढून टाकायचं आणि मरून कापडाची पाठ लावायची. गठ्ठा गोहलपूरला एका बाइंडरकडे जायचा, आणि तो गठ्ठा रिक्षात घालून नेणारी कार्यकर्ती विनताच होती. तिला ती खोली आठवली. खळीचा आंबूस वास. जमिनीवर उसवलेले फर्मे पोळ्यांसारखे एकावर एक. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्यांवर ठेवलेले दगड. बाइंडर चाचा म्हणायचे, "मॅडम, किताब को पहले खोलना पड़ता है, तब जाकर मज़बूत होती है." चांगलं काम करायचे. एखादा फर्मा वाऱ्यानं सरकला असेल, दुसऱ्या ढिगाखाली गेला असेल, मग रद्दीत, मग कोपऱ्यावरच्या गाडीवर. गोहलपुरात कोणीतरी त्या शेवटातून खारे चणे खाल्ले असतील, आणि कागदाचा बोळा नालीत टाकून, हात झटकून घरी गेलं असेल.

तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण हेमलता त्याच वर्षी म्हणाली होती, इटारसीच्या रेल्वे शाळेत जागा आहेत. दोन आहेत. क्वार्टर मिळेल, दोन खोल्यांचं. त्या मागच्या खोलीत, खिडकीत पाय घेऊन बसून म्हणाली होती, "दोन मास्तरणी एकत्र राहतात त्यात कोणाला काय? भाडं वाचवून राहिल्या म्हणतील. तू काहून नाही येत?" आणि विनतानं काय सांगितलं? आईची तब्येत, घर, लोक, हे सगळं होतंच. पण ते तिनं सांगितलं नाही. ती म्हणाली, "शेवट माहीत आहे ना आपल्याला." हेमलतानं खिडकीतून पाय खाली सोडले. "कोणता शेवट? पुस्तकातला? पुस्तकात लिहिलं म्हणून?" "पुस्तकात लिहिलं म्हणून नाही. असंच होतं, म्हणून लिहिलंय." सिनेमात एक मेली, पुस्तकात एक गेली, गाणं तर विहिरीपाशीच राहिलं. विनता सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती. तिनं धडा बरोबर उचलला होता. हेमलतानं वाद घातला नाही. "तुझी भाषा, तुझं पुस्तक, तुला जास्त कळतं," एवढंच म्हणाली. स्टेशनवर विनता गेली नाही. कशाला जायचं, ते दृश्य तिचं वाचून झालं होतं.

हेमलतानं लग्न केलं नाही. भावाकडे राहिली, भाच्यांना मोठं केलं. दर संक्रांतीला फोन यायचा किंवा जायचा. "गुडघे काय म्हणतात?" "म्हणायचं काय, मी बसले की ते उठतात." तिळगूळ घ्या, गोड बोला, ठेवते. यंदाच्या संक्रांतीला मात्र ठेवता ठेवता ती थांबली आणि म्हणाली, "विनू, ते पुस्तक आहे का गं अजून तुमच्या मंडळात?" "असेल. काहून?" "काही नाही. परवा स्वप्नात वाचून राहिले होते, अन् शब्द अडला." फोन चालू होता, आणि इटारसीकडच्या फोनमागून एक गाडी गेली. त्यासाठी विनतानं श्रीरंगला ते एक नाव सांगितलं होतं.

"मग वाचू का पुढचं?" चिन्मयीनं विचारलं.

आणि विनताला भीती वाटली. खरीखुरी, ऑपरेशनच्या टेबलावर वाटली नव्हती तशी. सगुणा परत आली नसेल तर काही नाही. म्हणजे आपण बरोबर होतो, सोळा पानं आधीच बरोबर होतो, फक्त थोडी घाई केली. पण आली असेल तर? दोनशे नऊ पानावर, दोनशे अकरावर, कुठंतरी ती आली असेल, आणि तिथं त्या दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या हातांना खोबरेल चोळत बसल्या असतील, आणि आपण इकडे मौन, संयम, धिटाई. एका चण्याच्या पुडीपायी. हे कळून आता करायचं काय? हा शेवट तिनं इतका वापरला होता की तो तिच्या अंगाचा झाला होता, जुन्या स्वेटरसारखा. कोपरावर विरलेला, पण थंडीत तोच सापडायचा. तो काढून देऊन या वयात उघडं कुठं बसायचं?

"नको," ती म्हणाली.

"काहून?"

"थकले मी."

"पण तुम्ही तर फक्त ऐकून राहिल्या. वाचून मी राहिली ना." चिन्मयी खुर्चीच्या हातावर बसली, तिचा पाय हलत होता, खुर्ची हलत होती. "तुम्हीच म्हणता, अधूरं सोडायचं नाही."

"मी पुष्कळ काही म्हणते, बाळा."

"सगुणा परत नाही आली तर रडायला येईल म्हणून?"

"नाही."

"मग आली तर?"

विनतानं चष्मा सारखा केला. तो सारखाच होता. "तू जा, ओट्यावर उन्हात बस थोडं. मी डोळा मिटते."

पोरगी उठली. पुस्तक तिनं विनताच्या मांडीवरून उचललं, ते विनतानं उचलू दिलं. जाळीचं दार उघडलं, आपटलं. बाहेर दूरवर फॅक्टरीचा भोंगा झाला, सकाळची पाळी सुटल्याचा. विनतानं डोळे मिटले आणि हिरवं पाणी काळं झालं. बरं वाटलं. झालं ते झालं. असं तिनं मनाशी म्हटलं आणि त्याच वेळी तिला ओट्यावरून आवाज आला. चिन्मयी कोणाला वाचून दाखवत नव्हती. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. ती एकटी बसून स्वतःसाठी वाचत होती, पण मोठ्यानं, कारण तिला तसंच शिकवलं होतं.

"पान दोनशे नऊ. इंदू घरी... परतली तेव्हा दि... दिवेलागण झाली होती. तिनं चूल पेटवली नाही."

विनताला दार लावता आलं असतं. लाकडी दार जाळीच्या आतच होतं, चार पावलांवर. ती उठलीही. खुर्चीचा हात धरून, मग टेबलाची कड धरून, वाकायचं नाही हे लक्षात ठेवून ती दारापर्यंत गेली आणि तिनं कडीवर हात ठेवला. कडी थंड होती. जाळीपलीकडे पोरगी पायरीवर बसलेली, पुस्तक मांडीवर उघडं, पुस्तकात फोन. शेजारी सकाळची ती गुंडाळी अजून तशीच टेकवलेली, शाळेच्या पट्ट्यानं बांधलेली.

"दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं मुलांना उजळणी दिली. अन् तिसऱ्या दिवशी... सकाळी फाटक वाजलं. दूधवाला असेल म्हणून इंदूनं... वर पाहिलं नाही. भांडं घेऊन ती दारात आली. दारात कोणी... बोललं नाही. मग तिला दिसली, पायरीला टेकवून ठेवलेली..."

चिन्मयी थांबली.

शब्द तिला येत होता. सकाळीच आला होता, तो खांद्यावर घेऊन ती सगळ्या घरात फिरली होती, आणि आता तो तिच्या कोपराला टेकून उभा होता. विनताला ते ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही पोरीला ठाऊक असावं. कारण तिनं मान तिरकी करून जाळीच्या दाराकडे पाहिलं, बोट त्या शब्दाखाली ठेवलं, पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केलं, आणि थांबली.